संगणक बंद पडण्यापूर्वी कॅबिनेटमधील धूळ काढा

वाशिम : जिल्ह्यात सोयाबीनची मळणी सुरू झाली, की हवेत उडणारे बारीक कुटार आणि धूळ घरांत, दुकानांत व कार्यालयांतही शिरते. टेबलावरची धूळ रोज पुसली जाते. टेबलाखालच्या संगणकाच्या कॅबिनेटमध्ये साचलेली धूळ मात्र वर्षानुवर्षे कोणाच्या दृष्टीस पडत नाही. पुढे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि ऐन कामाच्या वेळी संगणक आपोआप बंद पडू लागतो. अनेकदा या बिघाडाचे मूळ त्या धुळीतच असते.

हा प्रश्न केवळ टापटिपीचा नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून ऑनलाइन मिळू लागला. उत्पन्नाचे, जातीचे दाखले आणि पीक विम्याचे अर्जही संगणकावरच भरले जातात. रिसोड, मानोरा किंवा मंगरूळपीर तालुक्यातील एखाद्या गावात सेवा केंद्रातील एकुलता एक संगणक बंद पडला, तर शेतकऱ्याची त्या दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे दोन्ही वाया जाते.

धुळीमुळे काय होते?

ज्या खोक्याला सर्रास 'सीपीयू' म्हटले जाते, त्याचे खरे नाव कॅबिनेट. सीपीयू म्हणजे आतील प्रोसेसर. त्यावर धातूच्या पातळ पात्यांची 'हीट सिंक' आणि पंखा बसविलेला असतो. कॅबिनेट साधारणतः समोरून थंड हवा आत घेते आणि मागून गरम हवा बाहेर टाकते. पात्यांमध्ये धुळीचा थर बसला, की हवेची वाट अडते. प्रोसेसर तापतो, स्वतःचा वेग कमी करतो आणि तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचल्यास जळू नये म्हणून संगणक बंद करतो. मदरबोर्डवरील कपॅसिटरही उष्णतेने लवकर खराब होतात. तापमान १० अंशांनी वाढले, की त्यांचे आयुष्य सुमारे निम्म्यावर येते, असा ढोबळ नियम आहे. पावसाळ्यात हीच धूळ ओलावा धरून ठेवते आणि जोडण्या गंजतात.

सफाई कशी करावी?

संगणक रीतसर बंद करून सर्व वायर काढाव्यात. वॉरंटी शिल्लक असेल आणि कॅबिनेटला सील असेल, तर ते न तोडता विक्रेत्याकडूनच सफाई करून घ्यावी. अन्यथा कॅबिनेट ओट्यावर किंवा अंगणात न्यावे, बाजूचे झाकण उघडावे आणि आतील भागांना हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करावा. त्यामुळे अंगातील स्थिर वीज निघून जाते. मऊ ब्रशने थर सैल करून ब्लोअरने थोड्या अंतरावरून हवा मारावी. त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. वाऱ्याच्या झोताने ते अतिवेगाने फिरल्यास बेअरिंग खराब होते. रॅमच्या सोनेरी पट्ट्या पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने घासून पुसाव्यात आणि रबराचे कण झटकून टाकावेत. हीट सिंक काढलीच, तर जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावल्याशिवाय ती बसवू नये.

हे कटाक्षाने टाळावे

ओले फडके आत फिरवू नये. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरच्या प्लॅस्टिकच्या नळीमुळे स्थिर वीज निर्माण होऊ शकते, त्यामुळे तो मदरबोर्डजवळ नेऊ नये. वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, घरी उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यात काही काळ धोकादायक विद्युतभार राहतो. त्याच्या जाळीतून बाहेरूनच हवा मारावी. संगणक सुरू असताना त्यावर कापडी वा प्लॅस्टिकचे आच्छादन ठेवू नये.

मागील बाजूची रिकामी फट पट्टीने बंद करावी. तेथूनच पाली आणि उंदीर आत शिरतात. कॅबिनेट जमिनीपासून थोडे उंच आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे.

वर्षातून दोनदा, म्हणजे मळणी आटोपल्यावर आणि उन्हाळा लागण्यापूर्वी, ही सफाई करावी. रस्त्यालगतच्या दुकानांत ती दर 3 महिन्यांनी केलेली बरी. त्यासाठी अर्धा तास आणि एक ब्रश एवढेच लागते. मदरबोर्ड जळाल्यास मात्र हजारो रुपयांचा खर्च येतो आणि केंद्रातील काम थांबते ते वेगळेच.