खुन्याविषयी कणव का वाटते?

१९६० साली काही महिन्यांच्या अंतराने दोन चित्रपट प्रदर्शित झाले : ब्रिटनमध्ये मायकेल पॉवेल यांचा ‘पीपिंग टॉम’ आणि अमेरिकेत आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘सायको’. दोन्हींच्या केंद्रस्थानी एकेक लाजरा, मृदुभाषी तरुण आहे. दोघेही स्त्रियांना चोरून पाहतात आणि दोघेही खुनी आहेत. तरीही त्यांच्याविषयी प्रेक्षकाच्या मनात कणव दाटून येते. ही कणव केवळ कथेतून येत नाही. कॅमेरा कोठे ठेवला आहे, यावरही ती अवलंबून असते.

या तंत्राचे सौम्य रूप हिचकॉक यांच्याच ‘रिअर विंडो’मध्ये (१९५४) दिसते. पाय मोडल्याने खुर्चीला खिळलेला छायाचित्रकार समोरच्या खिडक्यांतील संसार न्याहाळत बसतो. त्याला जेवढे दिसते, जवळजवळ तेवढेच आपल्यालाही दिसते. त्यामुळे शेजाऱ्यांच्या खासगी आयुष्यात डोकावणे हळूहळू आपल्यालाही स्वाभाविक वाटू लागते.

‘सायको’ याच्या पुढे जातो. मोटेलचालक नॉर्मन बेट्स भिंतीवरील चित्र बाजूला सारून छिद्रातून मेरियनला पाहतो आणि क्षणभर त्याची दृष्टी हीच आपली दृष्टी होते. तोवर कथेची नायिका असलेल्या मेरियनचा न्हाणीघरात खून होतो. त्यानंतर नॉर्मन फरशीवरचे रक्त पुसतो, मृतदेह गाडीत ठेवतो आणि ती गाडी दलदलीत ढकलतो. गाडी अर्धवट बुडून थांबते, तेव्हा नॉर्मन घाबरतो. आपलाही श्वास अडकतो. गाडी एकदाची बुडावी, असे वाटू लागते. ज्या स्त्रीसोबत आपण इतका वेळ प्रवास केला, तिचा पुरावा नष्ट व्हावा म्हणून आपण उत्सुक असतो.

‘पीपिंग टॉम’ प्रेक्षकाला एवढाही अवधी देत नाही. पहिलाच खून आपण खुन्याच्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधून पाहतो. स्टुडिओत काम करणारा मार्क लुईस तिपाईच्या पायात दडवलेल्या पात्याने खून करतो आणि मरणाऱ्या स्त्रीच्या चेहऱ्यावरील भीती चित्रित करतो. तिला स्वतःची भीती दिसावी म्हणून कॅमेऱ्याला त्याने आरसाही जोडला आहे. मार्कचे वडील शास्त्रज्ञ होते. भीतीचा अभ्यास करण्यासाठी लहानग्या मार्कला घाबरवून ते त्याचे चित्रण करीत असत. या वडिलांची भूमिका खुद्द पॉवेल यांनी केली आणि बाल मार्कची त्यांच्याच मुलाने. कॅमेऱ्यामागील माणूसही निर्दोष नसतो, याची ही जणू कबुलीच होती.

ब्रिटिश समीक्षक ‘पीपिंग टॉम’वर अक्षरशः तुटून पडले आणि पॉवेल यांच्या मायदेशातील कारकिर्दीला जबर धक्का बसला. सुमारे दोन दशकांनी मार्टिन स्कोर्सेसी यांच्या पुढाकाराने चित्रपट पुन्हा लोकांसमोर आला. ‘सायको’ला मात्र प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले. या फरकाचे एक कारण दोन्ही चित्रपटांच्या शेवटांत शोधता येते. ‘सायको’च्या अखेरीस मनोविकारतज्ज्ञ नॉर्मनचे निदान सांगतो आणि आपण सुरक्षित अंतरावर परततो. ‘पीपिंग टॉम’ तशी सुटका देत नाही.

अशा कणवेत एक धोकाही आहे. खुन्याला बालपण, वेदना, अंतर्मन सारे मिळते. बळींच्या वाट्याला बहुधा केवळ किंचाळी येते. चित्रपटातील स्त्री ही पुरुषी नजरेसाठी मांडलेली वस्तू ठरते, हे लॉरा मल्व्ही यांनी १९७५च्या आपल्या गाजलेल्या निबंधात दाखवून दिले. हा तोल सावरण्याचा एक प्रयत्न फ्रिट्झ लांग यांनी ‘एम’मध्ये (१९३१) आधीच केला होता. त्यात बालकांचा खुनी आपल्या अनावर विकृतीचे आर्त निवेदन करतो. परंतु चित्रपटाचा शेवट त्याच्यावर होत नाही, तो मुले गमावलेल्या शोकमग्न मातांवर होतो.

कणव म्हणजे क्षमा नव्हे. खुन्याचे दुःख समजून घेताना बळी गेलेल्यांचा विसर पडू न देणे, ही दिग्दर्शकाइतकीच प्रेक्षकाचीही जबाबदारी आहे. गुन्हेगारांच्या सत्यकथांवरील मालिका आज घरोघरी पाहिल्या जातात. त्या पाहून झाल्यावर आपल्याला खुन्याचे नाव आठवते की बळींचे, हे प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावे.