पडसं, आंबट गोळी आणि काजूचं बोंड

भाताची कापणी उरकत आलेली असते. दुपारी अंगाची काहिली होते आणि पहाटे पायाशी पडलेली गोधडी शोधावी लागते. मालवणपासून सावंतवाडीपर्यंत पडशाचा हंगाम तो हाच. दिवाळीत चावदिवसाच्या पहाटे तुळशीपुढे कारीट फुटतं, अभ्यंगस्नान होतं, पोहे खाऊन होतात आणि दुपारपर्यंत घरातलं एखादं पोर शिंकायला लागतं. मग औषधाच्या दुकानात जी मागणी होते, ती मी लहानपणापासून ऐकत आलोय. "माका पडसा झालाहा, आंबट गोळये दी." कोणत्या गोळ्या, हे दुकानदार विचारत नाही. पट्टीतून चार गोळ्या कात्रीने कापतो आणि पुढे सरकवतो. नारिंगी रंगाची, चघळायची, पाचशे मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्वाची गोळी. पोरांना ती औषध वाटतच नाही. आमच्या घरात एकदा एका भाच्याने अख्खी पट्टी दुपारभरात फस्त केली होती आणि संध्याकाळी पोट धरून बसला होता.

या गोळीने पडसं बरं होतं का? प्रश्न साधा आहे आणि त्याचं उत्तर शोधायला माणसांनी पन्नास वर्षं खर्च केली आहेत. उत्तर मिळालेलंही आहे. ते आपल्या दुकानाच्या फळीपर्यंत पोचलेलं नाही, म्हणून हा लेख.

गोळीला एवढी प्रतिष्ठा आली ती एका फार मोठ्या माणसामुळे. लायनस पॉलिंग हे विसाव्या शतकातल्या थोर रसायनशास्त्रज्ञांपैकी एक. १९५४ चं रसायनशास्त्राचं नोबेल आणि १९६२ चं शांततेचं नोबेल, दोन्ही एकट्याने मिळवलेली. अण्वस्त्रचाचण्यांविरुद्ध उभं राहण्याचं त्यांचं धैर्य आजही आदर वाटावा असं आहे. १९७० मध्ये त्यांनी 'क' जीवनसत्त्व आणि सर्दी यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. रोज एक ग्रॅम वा त्याहून जास्त 'क' घेतलं तर सर्दी टळते, असं त्यांचं म्हणणं होतं. ते स्वतः याच्या कितीतरी पट घेत. पुस्तक हातोहात खपलं. हाडाच्या शास्त्रज्ञाने सांगितलेली, स्वस्त आणि चवीला आंबटगोड अशी गोष्ट लोकांनी उचलली नसती तरच नवल. पॉलिंग यांच्यापाशी पुरावा मात्र थोडा होता आणि विश्वास फार.

पुढची गोष्ट मला पॉलिंग यांच्या पुस्तकापेक्षा जास्त भावते, कारण तिच्यात लोकांनी खरोखर मोजून पाहिलं. टोरांटोच्या टेरेन्स अँडरसन यांना पॉलिंग यांचं म्हणणं खोटं पाडायचं होतं. त्यांच्या पहिल्या अभ्यासात, १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या, ८१८ माणसं शेवटपर्यंत टिकली. निम्म्यांना 'क', निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निरुपयोगी गोळ्या. सर्दी होण्याच्या प्रमाणात म्हणावा असा फरक पडला नाही. पण 'क' घेणाऱ्यांचे आजारपणाने घरी बसण्याचे दिवस सुमारे तीस टक्क्यांनी कमी भरले. अँडरसन यांनी हा निकाल लपवला नाही, जसा आला तसा छापला. दोन हजारांहून अधिक माणसांवर त्यांनी पुन्हा केलेल्या अभ्यासात मात्र एवढा फायदा दिसला नाही.

त्याच सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने आपल्याच ३११ कर्मचाऱ्यांवर नऊ महिने प्रयोग केला. तो १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात जे घडलं ते आपल्या दुकानासमोर उभं राहून समजून घेण्यासारखं आहे. निरुपयोगी गोळीत दुधातली साखर भरलेली होती. 'क' म्हणजे आम्ल, चवीला आंबट. काही जणांनी गोळी फोडून जिभेवर ठेवली आणि आपल्या वाट्याला काय आलंय ते ओळखलं. आपल्याला 'क' मिळतंय असं ज्यांना कळलं, त्यांची सर्दी कमी दिवस टिकल्याचं दिसलं. ज्यांना काहीच कळलं नव्हतं, त्यांच्यात फरक जवळजवळ नाहीसा झाला.

पडसं हे असं दुखणं आहे की त्यावर कुठल्याही उपायाची कीर्ती होते. दोनशेहून अधिक विषाणू ते आणू शकतात आणि बहुतेकांचा कारभार सात ते दहा दिवसांत आटोपतो. तिसऱ्या दिवशी नाक पार चोंदलं की माणूस दुकानात जातो. चौथ्या-पाचव्या दिवसापासून उतार पडणारच असतो. यश त्या वेळी जे पोटात असेल त्याच्या नावावर जातं, मग ती गोळी असो, काढा असो की तिखटजाळ कुर्ल्यांचं सार.

हे सगळे अभ्यास एकत्र तोलण्याचं काम हेलसिंकीचे हॅरी हेमिला आणि ऑस्ट्रेलियातल्या एलिझाबेथ चॉकर यांनी केलं. त्यांचा २०१३ चा आढावा या विषयावरचा सर्वांत भक्कम दस्तऐवज आहे. रोज २०० मिलिग्रॅम वा जास्त 'क' देऊन पाहिलेले, ११,३०६ माणसांवरचे २९ अभ्यास त्यांनी पाहिले. सर्वसाधारण माणसांत सर्दी होण्याची शक्यता जवळपास तेवढीच राहिली. गोळी रोज, बारा महिने घेत राहिलं तर सर्दीचा मुक्काम थोडा आखडतो: मोठ्यांमध्ये सरासरी आठ टक्के, मुलांमध्ये चौदा टक्के. आणि शिंका सुरू झाल्यावर गोळी चालू केली तर? सात अभ्यास, ३,२४९ आजारपणं, आणि मुक्कामात वा त्रासात सुसंगत फरक नाही.

टक्क्यांनी काही डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून मी तास काढून पाहिले. सात दिवसांच्या सर्दीचे आठ टक्के म्हणजे साडेतेरा तासांच्या आसपास. मोठ्या माणसाला वर्षाला तीन वेळा पडसं झालं असं धरलं, तर ३६५ गोळ्यांच्या बदल्यात वर्षाकाठी दीडेक दिवस वाचतो. बालवाडीतल्या पोराला वर्षात सहा वेळा सर्दी होते, तिथे हिशेब पाच-सहा दिवसांवर जातो. हा फायदा खोटा नाही. पण आपल्याकडे रोज कोणी घेत नाही. आपण घेतो ती शिंक आल्यावर, दोन-चार दिवस, म्हणजे नेमकी त्या पद्धतीने जिचा उपयोग दिसलेला नाही.

याच आढाव्यात एक अपवाद आहे आणि तो मला बराच काळ सोडत नव्हता. पाच अभ्यासांत, ५९८ माणसांत, 'क' घेणाऱ्यांना सर्दी निम्म्याच प्रमाणात झाली. ही माणसं कोण? दक्षिण आफ्रिकेत नव्वद किलोमीटर धावणारे स्पर्धक, आल्प्समध्ये बर्फावर घसरण्याच्या शिबिराला गेलेली स्विस शाळकरी मुलं, कॅनडाच्या उत्तरेला गोठत्या थंडीत सराव करणारे सैनिक. वाचताना माझ्यासमोर तळाशीलच्या किनाऱ्यावरची रापण आली. अंधारात छातीभर पाण्यात उभं राहून दोन्ही बाजूंनी जाळ्याचे दोर ओढणारी माणसं, खांद्यावर दोराचे वळ, ओला कपडा अंगावरच सुकणारा. कष्ट त्या धावपटूंपेक्षा कमी म्हणावेत असे नाहीत. तरी तो निकाल उचलून रापणकारांना लागू करणं मला पटत नाही. त्या लोकांचे श्रम आणि थंडी दोन्ही टोकाची होती आणि थोड्या दिवसांपुरती होती. आमची थंडी गोधडीपुरती, आणि रापण ही रोजची भाकरी. तो अपवाद वाऱ्यावर बसून पेपर वाचणाऱ्याला तर मुळीच लागू पडत नाही, आणि जाहिरात असते ती त्याच्यासाठी.

जास्त घेतलं तर जास्त गुण, हाही समज शरीर मान्य करत नाही. दोनशे मिलिग्रॅमपर्यंतचं 'क' आतडी जवळपास पूर्ण शोषतात. एक ग्रॅमच्या वर गेलं की निम्म्याहून कमी शोषलं जातं, आणि रक्तात जास्त झालेलं मूत्रपिंडं बाहेर टाकतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरवलेली रोजची शिफारस पुरुषाला ८० आणि बाईला ६५ मिलिग्रॅम आहे. दिवसाला दोन ग्रॅमच्या वर जाऊ नये असं तज्ज्ञ सांगतात, एरवी पोटात मुरडा आणि जुलाब. माझ्या भाच्याला ते संध्याकाळपर्यंत कळलं. स्वीडनमधल्या सुमारे तेवीस हजार पुरुषांची अकरा वर्षं नोंद ठेवली, तेव्हा 'क'च्या गोळ्या घेणाऱ्यांत मूतखड्याचं प्रमाण दुपटीच्या घरात निघालं. उन्हात दिवसभर घाम गाळून पाणी कमी पिणाऱ्या आमच्या माणसाने हे लक्षात ठेवावं.

२०२० मध्ये हीच गोळी दुकानांतून गायब झाली होती. कोरोनाच्या भीतीने माणसं पट्ट्यांवर पट्ट्या नेत होती, आणि त्यांना दोष देववत नाही, कारण हातात दुसरं काही नव्हतं. २०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या २१४ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज आठ ग्रॅम 'क' देऊनही बरं होण्याचा काळ म्हणावा तसा घटला नव्हता. अभ्यास मध्येच थांबवावा लागला.

मग 'क' जीवनसत्त्व बिनकामाचं का? तसं कोणी म्हणत असेल तर त्याने आमच्याच समुद्राकडे पाहावं. कारवारसमोर, गोव्याच्या हद्दीत, अंजदीव नावाचं बेट आहे. १४९८ च्या ऑक्टोबरात वास्को द गामाची जहाजं तिथून आफ्रिकेकडे परत निघाली. वारा पडला, आणि अरबी समुद्र ओलांडायला तीन महिने लागले. खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर आल्या, पाय सुजले, सुमारे तीस माणसं मेली. एकेका जहाजावर काम करू शकणारे सात-आठच उरले. पुढे जहाज चालवायला हात पुरेनात म्हणून एक जहाज त्यांनी स्वतःच जाळलं. हा स्कर्व्ही, ताज्या फळ-भाजीविना होणारा रोग. १७४७ मध्ये जेम्स लिंड यांनी बारा आजारी खलाशांवर सहा उपाय करून पाहिले. संत्री आणि लिंबं मिळालेले दोघे सर्वांत आधी उठून कामाला लागले. त्याआधीच डचांनी, १६५२ मध्ये, आफ्रिकेच्या टोकाला भाजीचा मळा लावला होता, जहाजांना ताजा पाला मिळावा म्हणून. त्याच डचांच्या वखारीचे अवशेष आजही वेंगुर्ल्यात उभे आहेत. या जीवनसत्त्वाच्या शोधासाठी आल्बर्ट सेंट-ग्योर्गी यांना १९३७ चं नोबेल मिळालं.

बकरी आपलं 'क' यकृतात स्वतः तयार करते. माणसाच्या वंशात ते तयार करणारं जनुक केव्हाच बिघडलं. म्हणून आपल्याला ते रोजच्या जेवणातून हवं, आणि थोडंच हवं. ते औषध म्हणून दुकानात शोधायची चीज नाही, पानातली चीज आहे. इथे मला आमच्या काजीच्या बागा आठवतात.

काजू पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. ज्यांचे खलाशी या समुद्रात 'क'च्या अभावी मेले, त्यांनीच याच किनाऱ्यावर 'क'ने भरलेलं फळ लावलं, आणि दोन्हींचा संबंध त्यांना ठाऊक नव्हता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत शंभर ग्रॅम काजूच्या बोंडात १८० मिलिग्रॅम 'क' आहे. संत्र्यात ३०, लिंबात ३९, पेरूत २१२. गोकुळाष्टमीला आंबोळीसोबत आपण ज्याची भाजी खातो त्या शेवग्याच्या पाल्यात २२०, जरी शिजवताना त्यातलं बरंचसं जातं. आवळा जुन्या तक्त्यात ६०० आणि २०१७ च्या नव्या तक्त्यात अडीचशेच्या आसपास, तरी सगळ्यांच्या वर. म्हणजे मध्यम आकाराच्या एका बोंडात दिवसाची गरज भागते.

आणि आपण करतो काय? वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा जाती दिल्या, बागा वाढल्या, बीला भाव आला. एक किलो बीमागे आठ-दहा किलो बोंड निघतं. मार्च-एप्रिलात बी पिळून काढली की लाल-पिवळी बोंडं झाडाखाली पडून राहतात. दुसऱ्या दिवशी आंबूस वास सुटतो, माश्या घोंगावतात. गोव्यात त्यांची फेणी होते. आमच्याकडे बहुतेक मातीत जातात. हे पाहून माझा जीव तुटतो.

बोंड खाल्ल्याने पडसं बरं होतं असं मी मुळीच म्हणत नाही. जे गोळीतल्या 'क'ला जमत नाही ते बोंडातल्या 'क'लाही जमायचं नाही. पडशाला विश्रांती, उकड्या तांदळाची गरम पेज, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि वेळ. खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला तर मात्र आंबट गोळ्यांवर एकही दिवस काढू नये, सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. क्षयाची तपासणी आणि औषधं तिथे फुकट आहेत, आणि गोळ्या चघळत घालवलेले आठवडे घरातल्या पोराबाळांना महाग पडतात.

बोंड लोक टाळतात ते घशासाठी. त्यातल्या तुरटपणाने घसा धरतो, जीभ जाड होते, आणि रस सदऱ्यावर सांडला तर डाग जन्माचा. त्यावरचा उपाय आमच्या प्रत्येक चुलीवर रोज सकाळी असतो. माझी मावशी पिकलेली बोंडं धुऊन फडक्यात पिळायची. दुधट, तुरट रस निघायचा. त्यात ती भाताच्या पेजेचं गार झालेलं निवळ घालायची आणि भांडं झाकून ठेवायची. पेजेतला स्टार्च तुरटपणा धरून खाली बसतो. शिजवलेल्या साबुदाण्यानेही हेच साधतं, आणि काजूवर काम करणारे संशोधकही हीच रीत सांगतात. थोड्या वेळाने भांड्याच्या तळाशी पांढरट गाळ जमायचा आणि वर फिकट पिवळा, नितळ रस उरायचा. ती तो न हलवता दुसऱ्या भांड्यात ओतायची, चिमूटभर मीठ घालायची आणि आम्हा पोरांना ओळीने पडवीत बसवायची.