जंगलाचा अंक आणि आपल्या गटाची वही

आम्ही पंचवटीतून बोलतोय. पाच वडांची जागा ती पंचवटी, म्हणजे आमच्या वस्तीचं नावच झाडांवरून पडलेलं. आज आपण जंगलासाठी काम करणाऱ्या एका अंकाची ओळख करून घेऊ. त्यातून आपल्या बचत गटाला काय घेता येईल, तेही पाहू.

त्या अंकाचं नाव 'सँक्च्युअरी एशिया'. सँक्च्युअरी म्हणजे अभयारण्य. बिट्टू सहगल यांनी १९८१ मध्ये मुंबईतून तो सुरू केला. राजस्थानातल्या रणथंबोरच्या जंगलात वनाधिकारी फतेह सिंह राठोड यांचं वाघांसाठीचं काम त्यांनी जवळून पाहिलं होतं. जंगलात काय चाललंय हे शहरातल्या माणसाला कळलंच नाही, तर तो त्याच्या बाजूनं कसा उभा राहणार? म्हणून हा अंक निघाला.

अंक इंग्रजीत आहे. आपल्यातल्या बहुतेकींनी तो पाहिलाही नसेल. पण शहरातल्या वाचकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या टेबलावर तो जातो. कुठल्या जंगलावर खाण, रस्ता किंवा धरण येतंय, तिथं कोणते प्राणी आहेत, काय बुडणार आहे, हे फोटोंसह छापलं जातं. छापलेली गोष्ट नाकारणं अवघड असतं.

पुढं काम छपाईपुरतं राहिलं नाही. २००० साली शाळेतल्या मुलांसाठी 'किड्स फॉर टायगर्स' हा उपक्रम सुरू झाला. वाघ वाचवायचा तर त्याचं जंगल वाचवावं लागतं, आणि जंगल राहिलं तर आपलं पाणी राहतं, हे त्यात मुलांना शिकवतात. 'मड ऑन बूट्स', म्हणजे बुटाला चिखल, या नावाचाही एक उपक्रम आहे. आपापल्या भागात प्रत्यक्ष रानात काम करणाऱ्यांना त्यातून मदत मिळते.

आता आपल्या मनातला प्रश्न. वाघ वाचला, पण आमच्या शेताचं काय? रानडुकरं रात्रीत भुईमूग उकरतात, बिबट्या शेळी नेतो. जंगल राखण्याचा खर्च शेजारच्या गावानंच का सोसायचा?

या प्रश्नावर एक प्रयोग आपल्याच राज्यात झाला. नागपूर जिल्ह्यात उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या कडेला गोठणगाव आहे. तिथं सँक्च्युअरीच्या संस्थेनं शेतकऱ्यांना सोबत घेतलं. विचार असा होता: जंगलाला लागून असलेली, पीक हाती न लागणारी जमीन नांगरायची नाही, तिथं पुन्हा गवत-झाडोरा वाढू द्यायचा. मालकी शेतकऱ्याचीच राहील. गवत आलं की हरणं येतात, हरणांमागे वाघ येतो आणि वाघामागे पाहुणे येतात. त्या पाहुण्यांच्या राहण्याखाण्याचा पैसा गावात यावा. हे सगळीकडे जमेल असं नाही. पण जंगलाचा फायदा शेजाऱ्याला मिळाला तरच शेजारी ते राखेल, ही गोष्ट मात्र सगळीकडे खरी आहे.

आपल्या नाशिक जिल्ह्यात वाघाचं नाही, बिबट्याचं दुखणं आहे. निफाड, सिन्नर, दिंडोरीकडं उसात त्याला लपायला जागा मिळते, पाणी मिळतं, कुत्री-शेळ्याही मिळतात. मादी उसातच पिल्लं घालते. तोडणीच्या वेळी पिल्लं दिसली तर उचलू नका, फोटोसाठी गर्दी करू नका. त्या फडातली तोड थांबवा, मागं सरा आणि वनखात्याला कळवा. ते पिल्लांना त्याच जागी सुरक्षित ठेवतात, आणि बहुतेक वेळा आई रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. पिल्लं हलवली तर आई सैरभैर होऊन आसपास फिरते. मग धोका आपल्यालाच.

आता वहीबद्दल. अंकवाल्यांनी जे देशासाठी केलं, ते आपण गावासाठी करू शकतो. गटाच्या हिशेबाच्या वहीशेजारी आणखी एक वही ठेवा. त्यात तारीख, वेळ, गट नंबर, कोणता प्राणी दिसला, काय नुकसान झालं, कुणाला कळवलं, एवढं लिहा. जिला लिहिता येतं तिनं लिहावं, बाकीच्यांनी सांगावं. शेळी किंवा वासरू मारलं गेलं तर ते हलवू नका, फोटो काढा आणि त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा. वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे. पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही, आणि उशीर झाला की पंचनामा अडतो. वर्षभराच्या नोंदी घेऊन ग्रामसभेत उभं राहिलं, की "कधीतरी दिसतो" म्हणून कुणाला विषय टाळता येत नाही. कोणत्या रस्त्यावर दिवा हवा, कोणत्या वस्तीवर गोठा बंदिस्त करायला हवा, हे ती वहीच सांगते.

त्याच वहीत पाखरांसाठीही एक पान ठेवा. पंचवटीतून जाणारी गोदावरी पुढं निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला पोचते. तिथल्या पाणथळीला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, आणि हा मान मिळवणारी महाराष्ट्रातली ती पहिली जागा. हिवाळ्यात तिथं दूरदेशीची पाखरं उतरतात. इथं रामकुंडाजवळ आपण जे पाण्यात सोडतो, ते खाली तिकडंच जातं. म्हणून निर्माल्य आणि प्लास्टिक नदीत टाकायचं नाही, हा ठराव आधी आम्ही पंचवटीकरांनी पाळायचा आहे.

पुढच्या बैठकीत पन्नास पानी वही घ्या, पहिल्या पानावर गावाचं नाव घाला आणि पहिली नोंद करा. काय लिहिलंत ते आम्हाला जरूर कळवा.