दोन तासांचा हिशेब

२०२१च्या ऑगस्टमध्ये एमिका गेम्स या एकखांबी स्टुडिओच्या निर्मात्याने जाहीर केलं, की आपण गेम बनवणं अनिश्चित काळासाठी थांबवत आहोत. त्याचा 'समर ऑफ ५८' हा भयकथेच्या धाटणीचा गेम नुकताच आला होता. तो आपटला होता म्हणावं, तर तसंही नाही. स्टीम या ऑनलाइन दुकानावर त्याचे बहुतेक अभिप्राय चांगले होते. घोळ होता तो लांबीचा. गेम साधारण दीड तासात संपायचा आणि स्टीमवर दोन तासांहून कमी खेळलेला गेम परत करता येतो. बऱ्याच लोकांनी तो शेवटपर्यंत खेळला आणि मग रिफंड मागितला. थाळी चाटूनपुसून संपवायची आणि उठताना पैसे परत मागायचे, असाच हा प्रकार. पण नियमात बसणारा.

हे दोन तास आले कुठून?

संगणकावरचे गेम विकणाऱ्या दुकानांत स्टीम सर्वांत मोठं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या व्हॉल्व्ह या कंपनीने ते २००३ साली सुरू केलं. पहिली जवळपास बारा वर्षं तिथला कारभार आपल्याकडच्या 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीसारखाच होता. गेम चालला तर चालला, नाहीतर नशीब! अपवाद म्हणून कधी रिफंड मिळे, पण हक्क म्हणून नाही. प्रतिस्पर्ध्यांपैकी ईए कंपनीने २०१३च्या ऑगस्टमध्ये आपल्या ओरिजिन या दुकानात थोडी ढील दिली. गेम सुरू केल्यापासून २४ तासांत किंवा विकत घेतल्यापासून सात दिवसांत, यांपैकी जे आधी होईल तोवर तो परत करता येऊ लागला. पण ही सोय प्रामुख्याने ईएच्या स्वतःच्या गेमपुरती होती.

स्टीमने २ जून २०१५ रोजी आपला नियम जाहीर केला. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण खेळ दोन तासांहून कमी झाला असेल, तर गेम परत. कारण काहीही चालेल. संगणकाला झेपला नाही, आवडला नाही, चुकून घेतला, किंवा विकत घेतला आणि दुसऱ्याच दिवशी सेल लागला, तरी चालेल. सेलमधल्या किमतीने तोच गेम पुन्हा घेण्यासाठी आधीचा परत करणं हा गैरवापर मानणार नाही, असं कंपनीने नियमांतच लिहून ठेवलं आहे. मात्र ही सोय फुकट गेम खेळण्यासाठी वापरतो आहे असं दिसलं, तर त्या खात्याचा रिफंड बंद करण्याचा अधिकार तिने स्वतःकडे राखला.

या नियमाची परीक्षा तीन आठवड्यांतच झाली. २३ जूनला 'बॅटमॅन: आर्कम नाइट' हा गेम आला आणि संगणकावर तो इतका अडखळत चालू लागला, की रिफंडच्या मागण्यांची रांग लागली. एक-दोन दिवसांतच प्रकाशक वॉर्नर ब्रदर्सने संगणकासाठीची विक्री थांबवली. ती पुन्हा सुरू झाली ऑक्टोबरच्या अखेरीस. तरी तक्रारी संपेनात, तेव्हा कंपनीने वर्षअखेरपर्यंत, कितीही तास खेळला असला तरी, पैसे परत देण्याची तयारी दाखवली. रिफंडचा नियम येण्याआधी हेच ग्राहक पैसे पाण्यात गेले म्हणून गप्प बसले असते.

स्टीमच्या या औदार्यामागे नेमकं काय होतं, यावर तर्क बरेच होतात. एक गोष्ट मात्र नोंदीवर आहे. नियम येण्याआधी, २०१४च्या ऑगस्टमध्येच ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने व्हॉल्व्हला कोर्टात खेचलं होतं. 'कोणत्याही परिस्थितीत रिफंड नाही' असं ग्राहकांना सांगणं ही दिशाभूल आहे, असा आरोप होता. व्हॉल्व्हचा बचाव ऐकण्यासारखा होता. आमचा करार वॉशिंग्टन राज्याच्या कायद्याखाली होतो, आमचा धंदा ऑस्ट्रेलियात नाही, आणि आम्ही विकतो तो मुळात 'माल' नाहीच! कोर्टाने हा बचाव मान्य केला नाही. ऑस्ट्रेलियात व्हॉल्व्हची सुमारे २२ लाख खाती होती आणि तिथल्या ग्राहक कायद्यात सॉफ्टवेअरचा समावेश मालातच होतो. २०१६च्या डिसेंबरमध्ये दंड ठरवताना व्हॉल्व्हने अडीच लाख डॉलर पुरेत असं सुचवलं, आयोगाने तीस लाख मागितले. न्यायाधीशांनी तीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच ठोठावले. अपिलंही फेटाळली गेली आणि २०१८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने प्रकरण ऐकायलाही नकार दिला.

या खटल्यातला बारीक मुद्दा दोन तासांच्या नियमात सहज हरवून जातो. दुकान विचारतं, 'किती वेळ खेळलात?' कायदा विचारतो, 'माल सदोष होता का?' हे दोन प्रश्न एक नाहीत. मन बदललं म्हणून वस्तू परत घेणं ही दुकानदाराची सोय झाली. सदोष वस्तूचे पैसे परत मिळणं हा ग्राहकाचा हक्क, आणि तो घड्याळाला बांधलेला नाही.

घड्याळ किती आंधळं असतं, ते मायक्रोसॉफ्टच्या 'फ्लाइट सिम्युलेटर'च्या वेळी दिसलं. २०२० साली आलेल्या या गेमचा बहुतेक सगळा मजकूर, म्हणजे नव्वदेक जीबी, स्टीमवरून नव्हे तर गेम उघडल्यानंतर आतून डाउनलोड व्हायचा. स्टीमच्या लेखी तो खेळण्याचाच वेळ. विमान धावपट्टीवर यायच्या आधीच दोन तास उलटून गेल्याच्या तक्रारी आल्या. इंटरनेट जितकं हळू, तितका माणूस जास्त 'खेळलेला'! दुसऱ्या टोकाला, जादा पैसे मोजून प्रकाशनाच्या काही दिवस आधी खेळायला मिळण्याची जी सवलत असते, तिथे खेळलेले तास मोजलेच जात नव्हते. लोक आठवडाभर खेळून प्रकाशनानंतर गेम परत करू शकत. ही पळवाट स्टीमने २०२४च्या एप्रिलमध्ये बुजवली.

इतर दुकानांची तऱ्हा वेगवेगळी. एपिकने स्टीमचाच १४ दिवस आणि दोन तासांचा साचा उचलला. प्लेस्टेशनवर १४ दिवस आहेत, पण डाउनलोड सुरू केलं की दार बंद. निन्टेन्डो विकलेला गेम सहसा परत घेतच नाही. सगळ्यांत सैल हात जीओजी या पोलिश दुकानाचा. २०२० पासून तिथे ३० दिवसांत, खेळलेला असला तरी, गेम परत करता येतो. तिथले गेम कुलूपबंद नसतात. परत करूनही प्रत स्वतःकडे ठेवणं सहज शक्य असताना हे दुकान ग्राहकाच्या शब्दावर चालतं.

तेव्हा याच जीओजीची मालक असलेल्या सीडी प्रोजेक्टचा 'सायबरपंक २०७७' हा गेम १० डिसेंबर २०२० रोजी आला. जुन्या प्लेस्टेशन ४वर तो जेमतेम चालत होता. कंपनीने माफी मागितली आणि पैसे हवे असतील तर परत मागा, असं सांगितलं. पण प्लेस्टेशनच्या दुकानाचा नियम आड येत होता. शेवटी आठवडाभरात प्लेस्टेशन चालवणाऱ्या सोनीने हा गेम दुकानातूनच काढून टाकला आणि सर्वांना पूर्ण रिफंड देऊ केला. याच सोनीच्या युरोपीय कंपनीला त्याच वर्षी जूनमध्ये ऑस्ट्रेलियात ३५ लाख डॉलर दंड झाला होता. डाउनलोड झालेल्या गेमचे पैसे परत करायला आम्ही बांधील नाही, असं तिने ग्राहकांना सांगितलं होतं. सायबरपंक दुकानात परतला तो २०२१च्या जूनमध्ये. सोनीचा स्वतःचा 'कॉनकॉर्ड' हा गेम तर २०२४ साली २३ ऑगस्टला सुरू होऊन ६ सप्टेंबरला बंदच पडला. तिथे सगळ्यांचेच पैसे परत द्यावे लागले.

भारतात स्टीमवर २०१५च्या अखेरीस रुपयांत किमती दिसू लागल्या आणि रिफंडचे नियम इथेही तेच आहेत. गेम परत केला तर पैसे मूळ मार्गाने किंवा स्टीमच्या वॉलेटमध्ये येतात. काही पेमेंट पद्धतींत उलटा प्रवास शक्य नसतो, तेव्हा वॉलेट हाच पर्याय उरतो. ते पैसे मग फक्त स्टीमवरच खर्च करायचे. कायदाही अगदीच मुका नाही. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांत डिजिटल उत्पादनं स्पष्टपणे धरलेली आहेत. सदोष किंवा जाहिरातीबरहुकूम नसलेल्या मालाचे पैसे परत करायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. भारतात नोंदणी नसलेली, पण इथल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणारी परदेशी दुकानंही या नियमांखाली येतात. म्हणजे व्हॉल्व्हने ऑस्ट्रेलियात केलेला 'आम्ही तुमच्याकडचे नाहीच' हा युक्तिवाद इथे आधीच अडवून ठेवला आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.

आपल्याकडे बहुतेक घरांत गेम म्हणजे मोबाइलच. आईबाबांच्या फोनवर मुलाने काहीतरी विकत घेतलं, हे कळेपर्यंत दोन दिवस गेलेले असतात. गूगल प्लेवर थेट गूगलकडे दाद मागण्याची मुदत साधारण ४८ तासांचीच आहे. त्यानंतर गेम बनवणाऱ्याच्या विनवण्या. अशा वेळी बँकेला फोन करून व्यवहारच उलटवावा असं वाटतं, पण त्यातही मेख असते. एपिकच्याच 'फोर्टनाइट' या गेममध्ये न विचारता पैसे कापले गेले म्हणून कार्ड कंपनीकडे तक्रार करणाऱ्यांची खातीच एपिकने बंद केली. आधी विकत घेतलेलं सगळं त्यांच्यासाठी कुलपात गेलं. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवलेल्या आरोपांपैकी हा एक. प्रकरण २०२२च्या डिसेंबरमध्ये मिटवताना एपिकने ग्राहकांच्या परताव्यासाठी २४ कोटी ५० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. त्यातल्या रकमेचा पहिला हप्ता अमेरिकेतल्या लोकांच्या हाती पडायला २०२४चा डिसेंबर उजाडला.