पूर्वलक्षी कर आणि उसाचा अंतिम दर
(लेखांक पाचवा)

कायद्याच्या शब्दांचा आधार घेऊन त्याच्या हेतूला बगल देणे म्हणजे करटाळणी, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिले. अशी बगल दिली गेल्याचे ध्यानी आल्यावर सरकारने ती वाट उद्यापासून बंद करावी, की काल त्या वाटेने गेलेल्यांकडूनही वसुली करावी, हा आजचा प्रश्न आहे.

राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदाने पूर्वलक्षी कायद्याला घातलेली बंदी फौजदारी शिक्षेपुरती आहे. करासंबंधीच्या कायद्याला मागील तारखेपासून अंमल देण्याचा संसदेचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने अनेकवार मान्य केला आहे. परंतु अधिकार असणे निराळे आणि त्याचा वापर न्याय्य असणे निराळे. व्होडाफोन कंपनीच्या २००७ सालच्या व्यवहारावर कर बसत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०१२ रोजी दिला, तेव्हा त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने पन्नास वर्षे मागे जाऊन, १ एप्रिल १९६२ पासून कायद्याचा अर्थ वेगळाच होता, असे ठरविले. न्यायालयात हरलेला पक्षकारच कायदा करणारा असावा, आणि त्याने निकालानंतर जुना कायदा नव्याने लिहावा, हे मला तेव्हाही अन्यायाचे वाटले आणि आजही वाटते. २०२१ साली संसदेने ती तरतूद मागे घेतली आणि वसूल झालेले सुमारे ८,१०० कोटी रुपये व्याजाविना परत करण्याचे ठरले.

आता हीच गोष्ट कृष्णाकाठी पाहू. कराड किंवा वाळवा तालुक्यातील सहकारी साखर कारखान्याच्या एखाद्या सभासदाचे जुने ऊसबिल हाती घेतले, तर त्यावर काट्यावरचे वजन, टनाचा दर, सोसायटीच्या कर्जाची कपात आणि शेवटी हाती पडणारी निव्वळ रक्कम दिसते. ही झाली पहिली उचल. त्यानंतर दुसरा हप्ता आणि हंगामाचा हिशेब पुरा झाल्यावर अंतिम दराचा फरक. हा फरक कोणी लपून दिलेला नव्हता. १९७४ साली ऊस नियंत्रण आदेशात कलम ५-अ घालून, किमान वैधानिक दराखेरीज कारखान्याच्या उत्पन्नातील वाटा जादा दराच्या रूपाने उत्पादकाला मिळावा, अशी तजवीज केंद्र सरकारनेच केली होती. ते कलम २००९ साली गेले आणि एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, आली.

प्राप्तिकर खात्याचे म्हणणे असे की, सहकारी कारखान्यात ऊस विकणारा हाच कारखान्याचा मालक असतो. म्हणून किमान दरापेक्षा जास्त दिलेल्या रकमेत नफ्याची वाटणी दडलेली असते आणि तिला दर म्हटल्याने ती खर्च ठरत नाही. हे म्हणणे पोकळ नव्हते. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी निर्णय दिला की, जादा दरात नफ्याचा अंश जेवढा असेल तेवढा खर्चात धरता येणार नाही, आणि तो अंश किती, हे करनिर्धारण अधिकाऱ्याने तपासून ठरवावे. पण तोवर ती रक्कम कोठे होती? ठिबकच्या नळ्यांत, मुलीच्या लग्नात, सोसायटीच्या फेडीत. दहा-पंधरा वर्षांपूर्वी वाटलेला पैसा सभासदाच्या घरून परत आणणे कोणत्याही संचालक मंडळाला शक्य नव्हते. कर भरायचा तर तो आजच्या उसाच्या दरातूनच, म्हणजे कित्येकदा वेगळ्याच शेतकऱ्याच्या खिशातून, द्यावा लागला असता.

२०१५ च्या वित्त कायद्याने सरकारने ठरविलेल्या वा मान्य केलेल्या दरापर्यंतचा ऊसखर्च वजावटीस पात्र ठरविला, परंतु तो २०१६-१७ या करनिर्धारण वर्षापासून पुढे. मागच्या वर्षांचे तगादे तसेच लोंबकळत राहिले. ते मिटविण्याची सोय २०२३ च्या अर्थसंकल्पात झाली, आणि सुमारे १०,००० कोटी रुपयांचा दिलासा मिळेल असे अर्थमंत्र्यांनी सांगितले. हाही मागे पाहणारा कायदाच. परंतु तो कोणाच्या विश्वासाचा भंग करीत नाही आणि सरकारमान्य दराची मर्यादाही ओलांडत नाही, म्हणून मी तो न्याय्य मानतो.

मग मागे जाऊन कर घेणे सर्वथा वर्ज्य समजावे काय? तसे मला वाटत नाही. आइल ऑफ मॅनमधील भागीदारीच्या आडोशाने ब्रिटनमधील रहिवाशांनी कर टाळला, तेव्हा तेथील पार्लमेंटने २००८ साली पूर्वलक्षी कायदा केला आणि तेथील अपील न्यायालयाने तो २०११ साली उचलून धरला. ज्याने व्यवहार केवळ कर वाचविण्यासाठी रचला आणि ज्याला खात्याचा आक्षेप ठाऊक होता, त्याला 'माझा विश्वासघात झाला' असे म्हणता येत नाही. सरकारच्याच आदेशाने ठरलेला दर उघडपणे वाटणाऱ्या कारखान्याला त्याच्या पंक्तीस बसविणे मात्र चूक होते.

सातारा-सांगलीच्या सभासद वाचकांना एक विनंती. २०२३ च्या त्या सोयीनुसार जुन्या वर्षांच्या कराच्या फेरहिशेबासाठी अर्ज करावा लागतो आणि त्याची चार वर्षांची मुदत ३१ मार्च २०२३ पासून मोजली जाते. आपल्या कारखान्याने तो अर्ज केला काय, कर परत मिळाला असल्यास किती, आणि तो कोणत्या खाती जमा झाला, हे तीन प्रश्न वार्षिक सर्वसाधारण सभेत अवश्य विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.