जुन्या रेडिओत नवी रोजी : भंगारातला माल आणि सौद्यातली सचोटी

मुंबईच्या मटन स्ट्रीटला सारे जग चोरबाजार म्हणून ओळखते. तेथील जुन्या रेडिओंचे, रेकॉर्ड प्लेअरचे आणि अँप्लिफायरचे ढीग आमच्या वाचकांना नवे नाहीत. शुक्रवारी दुकानांच्या फळ्या बंद असतात, पण पहाटेपासून रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. पुण्यात रविवारी आणि बुधवारी जुना बाजार लागतो. पूर्वी या ढिगांतला माल तांब्यासाठी आणि लोखंडासाठी तोडला जाई. आज तोच रेडिओ चालू स्थितीत असेल तर हौशी गिऱ्हाईक, हॉटेलवाले, चित्रपटांना सामान भाड्याने देणारे आणि परदेशी पर्यटक त्याची वेगळीच किंमत देतात. भंगाराचा भाव आणि चालू मालाचा भाव यांतील फरक म्हणजे कारागिराची मजुरी. ही मजुरी आपल्या बांधवांच्या हाती राहणार की नाही, हा या लेखाचा विषय आहे.

हा माल आला कोठून?

पन्नास-साठच्या दशकांत रेडिओ ही घरातील प्रतिष्ठेची वस्तू होती. तो बाळगण्यासाठी पोस्टातून परवाना घ्यावा लागे. मर्फीचा कारखाना ठाण्यात होता. बुश, फिलिप्स, नॅशनल एको या नावांचे रेडिओ गावोगावी पोहोचले होते. १९५२ साली नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत मागे पडले आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी सिलोनवर अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. ती ऐकायची तर शॉर्टवेव्ह बँड असलेला चांगला रेडिओ हवा. १९५७ मध्ये विविध भारती आली. नंतर ट्रान्झिस्टर आले, टेपरेकॉर्डर आले आणि व्हॉल्व्हचे मोठे रेडिओ माळ्यावर गेले. आज जुनी घरे पुनर्विकासासाठी रिकामी होतात तेव्हा तेच रेडिओ माळ्यावरून उतरून भंगारवाल्याच्या हातगाडीवर येतात. म्हणजे माल अजून निघतो आहे, पण तो पुन्हा तयार होणार नाही.

खरेदी करताना काय पाहावे?

बाजारात वीज लावून पाहण्याची सोय बहुधा नसते आणि नसलेलीच बरी. नजर आणि मल्टिमीटर यांवर सौदा करावा. पहिली गोष्ट डायलची काच. कॅबिनेट सुतार दुरुस्त करील, पॉलिशवाला चमकवील, पण स्टेशनांची नावे छापलेली काच फुटली तर ती मिळणे फार अवघड. दुसरी गोष्ट मूळ बटणे आणि मागचा पुठ्ठा. तिसरी गोष्ट वाळवी. कॅबिनेटच्या तळाशी नखाने दाबून पाहावे.

मग मीटर लावावा. पॉवर ट्रान्स्फॉर्मरच्या प्रायमरीला काही ओहमपासून पन्नास-साठ ओहमपर्यंत रीडिंग आले तर वायंडिंग शाबूत आहे असे समजावे. काहीच आले नाही तर स्विच आणि फ्यूज तपासावेत. ते ठीक असतील तर रिवाइंडिंगचा खर्च किमतीतून वजा करूनच बोली करावी. आउटपुट ट्रान्स्फॉर्मरच्या प्रायमरीला साधारण काहीशे ओहम येतात. स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला की ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे.

व्हॉल्व्हवरील अक्षरे वाचायला शिकावे. युरोपीय पद्धतीत पहिले अक्षर फिलामेंटची जात सांगते. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट, ‘यू’ म्हणजे १०० मिलिअँपिअर, ‘डी’ म्हणजे बॅटरीवर चालणारा. पुढची अक्षरे काम सांगतात. ईसीएच ८१ हा स्टेशन पकडणारा, ईएल ८४ हा आवाज देणारा, ईझेड ८० हा रेक्टिफायर, ईएम ८४ हा हिरवा डोळा. ईएल ८४ गिटारच्या अँप्लिफायरसाठी रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथे आजही बनतो. ईसीएच ८१ मात्र जुन्या साठ्यातूनच शोधावा लागतो. म्हणून तुटका रेडिओसुद्धा चांगल्या व्हॉल्व्हसाठी घेण्याजोगा असतो. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले न वापरलेले व्हॉल्व्ह जुन्या दुकानांच्या कपाटांत कधी कधी सापडतात. ते दिसले तर सोडू नयेत.

प्लग लावण्याची घाई नको

घरी आणल्याबरोबर प्लग लावणे ही नवशिक्याची सर्वांत महाग चूक. वीस-तीस वर्षे बंद असलेल्या सेटमधील मेणाचे कागदी कंडेन्सर गळके झालेले असतात आणि फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकलेले असतात. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवरील कपलिंग कंडेन्सर गळका असेल तर ग्रिडवर धन दाब जातो, व्हॉल्व्हची प्लेट लाल होते आणि त्याच्याबरोबर आउटपुट ट्रान्स्फॉर्मर जळतो. चार रुपयांच्या वस्तूमुळे शेकडो रुपयांची वस्तू जाते.

म्हणून आधी ब्रशने आणि हवेने धूळ काढावी. कुरतडलेल्या वायरी बदलाव्यात. बँड स्विच आणि व्हॉल्यूम कंट्रोल कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करावेत. कपलिंग कंडेन्सर आणि सर्व मेणाचे कंडेन्सर काढून ४०० ते ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर लावावेत. फिल्टर कंडेन्सर ४५० व्होल्टचे नवे घालावेत, पण ‘मोठा तो चांगला’ असे समजू नये. ईझेड ८० सारख्या रेक्टिफायरनंतर पहिला कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा घातला तर रेक्टिफायरचे आयुष्य संपते. व्होल्टेज निवडण्याची पट्टी २३० वर किंवा त्याहून वरच्या खुणेवर आहे ना, तेही पाहावे.

यानंतर पहिली वीज सिरीज बोर्डवरून द्यावी. ६० वॅटचा पिवळा बल्ब सेटच्या मालिकेत जोडावा. बल्ब प्रथम उजळून मग मंद झाला तर ठीक. उजळलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, ताबडतोब बंद करावे.

जिवाची काळजी प्रथम. या सेटमध्ये अडीचशे व्होल्टच्या आसपास डी.सी. असते आणि प्लग काढल्यावरही ती कंडेन्सरमध्ये राहू शकते. रेझिस्टन्स लावून ती उतरवावी, मीटरने खात्री करावी आणि मगच हात घालावा. ‘यू’ अक्षराचे व्हॉल्व्ह असलेले ए.सी.-डी.सी. सेट आणखी घातक. त्यांत बहुधा ट्रान्स्फॉर्मर नसतो आणि चेसी थेट लाइनला जोडलेली असू शकते. असा सेट आयसोलेशन ट्रान्स्फॉर्मरवाचून उघडू नये. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत वीस हजार व्होल्टच्या घरातील दाब असतो. उस्तादाच्या हाताखाली शिकल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

गिऱ्हाइकाला काय हवे?

आज आकाशवाणीची मीडियमवेव्ह प्रक्षेपणे अनेक ठिकाणी बंद झाली आहेत. सिलोनचा तो जमानाही राहिला नाही. त्यामुळे गिऱ्हाईक विचारतो, ‘यात मोबाइलवरची गाणी वाजतील का?’ ब्लूटूथची छोटी पट्टी बसवून हे काम सोपे होते. पण मूळ चेसी कापू नये, बटणासाठी नवे भोक पाडू नये. पट्टी अशी बसवावी की उद्या ती काढली तर रेडिओ पूर्ववत राहील. जाणकार गिऱ्हाईक याच गोष्टीचे पैसे देतो. ए.सी.-डी.सी. सेटला बाहेरून वायर जोडण्याचे काम तर मुळीच करू नये. त्यातून गिऱ्हाइकाच्या हातात लाइन येऊ शकते.

हिशेब असा ठेवावा

उदाहरणादाखल समजा, बंद रेडिओ १,५०० रुपयांना घेतला. कंडेन्सर, वायर आणि एक व्हॉल्व्ह मिळून ९०० रुपये, पॉलिशवाल्याचे ८०० रुपये, टेम्पो व इतर २०० रुपये. जागेवर ३,४०० पडले. आता आपली मजुरी. दोन दिवस काम झाले तर दोन दिवसांचा रोज यात धरलाच पाहिजे. अनेक कारागीर तो धरत नाहीत आणि फायदा झाला असे समजतात. शिवाय पाच सेट घेतले तर त्यांतील एखादा सुट्या भागांसाठीच जाणार, त्याची किंमत बाकी चारांवर बसवावी. उधारीवर माल उचलू नये. हा माल कधी आठ दिवसांत विकतो, कधी आठ महिने पडून राहतो.

जुना माल विकणाऱ्या जीएसटी नोंदणीधारकांसाठी एक सोय आहे. खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतले नसेल आणि मालाचे मूळ स्वरूप बदलले नसेल तर कर पूर्ण किमतीवर न बसता खरेदी-विक्रीतील फरकावर बसतो. आपल्या हिशेबनिसाला हे जरूर विचारावे. ‘उद्यम’ नोंदणीही करून ठेवावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत दुरुस्त करून विकणाऱ्यांसाठी नोंदणीची तरतूद आहे आणि सूक्ष्म उद्योगांना त्यातून वगळले आहे. आपण सूक्ष्म आहोत हे दाखवणारा कागद हाती असलेला बरा.

ऐब सांगून विका

आता थोडे कटू पण आवश्यक. पितळी भोंग्याचे नवे ग्रामोफोन, जुन्या मशीनचे तुकडे जोडून आणि वर प्रसिद्ध कंपनीचे बिल्ले ठोकून ‘शंभर वर्षांपूर्वीचा माल’ म्हणून विकले जातात. परदेशातील संग्राहक आता हा प्रकार ओळखतात आणि त्यामुळे भारतातून आलेल्या खऱ्या मालाकडेही संशयाने पाहतात. चार जणांच्या लबाडीची किंमत सारा बाजार मोजतो.

आपल्या दीनमध्ये या बाबतीत संदिग्धता नाही. धान्याच्या ढिगात हात घालून आतील ओलावा शोधणाऱ्या आणि तो भाग वर का ठेवला नाही असे विक्रेत्याला विचारणाऱ्या रसूलुल्लाह (स.) यांची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. फिकहमध्ये ‘खियारुल-ऐब’ म्हणजे लपलेला दोष निघाल्यास माल परत करण्याचा खरेदीदाराचा हक्क मान्य केला आहे. रेडिओच्या बाबतीत याचा अर्थ साधा आहे. बिलावर लिहून द्यावे : कोणता भाग मूळ, कोणता बदललेला, कोणता बँड चालतो, कोणता चालत नाही. नवी बनावट वस्तू असेल तर ‘नवीन, जुन्या धर्तीची’ असे लिहावे. शोभेची वस्तू म्हणून ती विकण्यात काही गैर नाही, खोटे बोलण्यात आहे.

हीच गोष्ट चोरीच्या मालाची. बाजाराचे नाव काहीही पडलेले असो, चोरीचा माल जाणूनबुजून घेणे शरीअतलाही मंजूर नाही आणि कायद्यालाही नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तो गुन्हा आहे. अनोळखी माणसाकडून माल घेताना नाव, पत्ता, तारीख आणि सही घेण्याची वही ठेवावी. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी पाठवण्यावर १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याचे निर्बंध आहेत. खूप जुना ग्रामोफोन परदेशी पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याचा दाखला घ्यावा.

उस्तादांची विद्या जाऊ देऊ नका

मालापेक्षाही मोठी टंचाई हातांची आहे. व्हॉल्व्हच्या सेटवर उमेद घालवलेले उस्ताद आता वृद्ध झाले आहेत. डायलचा दोरा कोणत्या पुलीवरून कसा फिरवायचा, आयएफ ट्रान्स्फॉर्मर कानाने कसा जुळवायचा, ट्रान्स्फॉर्मर हाताने कसा गुंडाळायचा, हे त्यांच्या बोटांत आहे आणि ते कोणत्याही पुस्तकात पुरते उतरलेले नाही. आपली मुले मोबाइल दुरुस्ती शिकतात, ते चांगलेच आहे. पण मोबाइल दुरुस्तीची दुकाने गल्लोगल्ली झाली आहेत आणि व्हॉल्व्हचा सेट हाताळणारा कारागीर शोधावा लागतो. दुर्मिळ हाताला दुर्मिळ मजुरी मिळते, हा बाजाराचा नियम आहे.

आमची सूचना अशी की, ज्या मोहल्ल्यात असा एखादा उस्ताद असेल तेथील जमातीने किंवा व्यापाऱ्यांनी दोन-तीन होतकरू शागीर्दांना वर्षभर त्यांच्या हाताखाली बसवावे. उस्तादांना त्याचा मेहनताना द्यावा, शागीर्दांना जेवणखर्च द्यावा. सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, सिरीज बोर्ड आणि चार-पाच बंद रेडिओ एवढ्यावर हे काम सुरू होते. मोठ्या भांडवलाची गरज नाही, सबुरीची आहे. शिकलेला मुलगा पुढे रेडिओबरोबर अँप्लिफायर, मशिदीची लाऊडस्पीकर यंत्रणा आणि रेकॉर्ड प्लेअरही हाताळू शकेल. ज्या बांधवांना हे पटते त्यांनी येत्या जुम्म्यालाच आपल्या मोहल्ल्यातील उस्तादांची भेट घ्यावी. हलाल रोजीचे हे दार अजून उघडे आहे. इन्शाअल्लाह, उस्ताद आपल्यात आहेत तोवरच त्यातून आत पाऊल टाकता येईल.