हवाई युद्धाचे व्हिडिओ खेळ
हवाई युद्धाचे व्हिडिओ खेळ : पडद्यावरील लढाऊ विमान हाताने चालवून शत्रूची विमाने पाडण्याचे जलद गतीचे इलेक्ट्रॉनीय खेळ. विमानचालनाचे यथार्थ अनुकरण करणाऱ्या संगणकीय खेळांहून हे वेगळे होत. तशा खेळांत उत्थापन, ओढ, इंधन यांचा हिशेब ठेवावा लागतो व वेग फार घटल्यास विमान कोसळते. प्रस्तुत खेळांत यांपैकी बहुतेक बंधने गाळलेली असतात. नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रावर नवख्यालाही तत्काळ खेळता यावे आणि डाव थोडक्यात संपून यंत्र मोकळे व्हावे, हे त्याचे मूळ कारण होय.

अटारी या अमेरिकन कंपनीचा जेट फायटर (१९७५) हा या प्रकारातील एक आरंभीचा खेळ. जपानच्या कॅपकॉम कंपनीच्या १९४२ (१९८४) या खेळात विमान वरून दिसते व खालील दृश्य सरकत राहिल्याने पुढे जाण्याचा आभास होतो. सेगा कंपनीच्या आफ्टर बर्नर (१९८७) या खेळात विमान पाठीमागून दिसते. सपाट चित्रे झपाट्याने मोठी करून खोलीचा भास निर्माण केलेला असून त्याच्या एका प्रकारात खेळाडूची बैठकही विमानाबरोबर कलते. नामको कंपनीच्या एस कॉम्बॅट या मालिकेत त्रिमितीय आकृत्या आल्या. तीत एकाच विमानावर अनेक डझन क्षेपणास्त्रे असतात. प्रत्यक्षातील सुखोई-३० एमकेआय विमानाला शस्त्रे टांगण्याच्या जागा १२ च आहेत.

भारतात १९९० च्या दशकात निनटेन्डोच्या फॅमिकॉम (१९८३) यंत्राच्या स्वस्त नकला दूरचित्रवाणी संचाला जोडून हे खेळ खेळले जात. महाराष्ट्रात घरांप्रमाणेच तासाच्या भाड्याने खेळू देणाऱ्या दुकानांतही त्या असत. पुढे भारतीय हवाई दलाने गार्डियन्स ऑफ द स्काइज (२०१४) व इंडियन एअर फोर्स : अ कट अबव्ह (२०१९) हे खेळ प्रसृत केले. तरुणांना हवाई दलाकडे आकृष्ट करणे हा त्यांमागील एक हेतू होता.

या खेळांनी नजर व हात यांचा मेळ साधण्याचा सराव होतो. विमानचालनाचे ज्ञान होत नाही. तीव्र वळणात वैमानिकाच्या शरीरावर त्याच्या वजनाच्या नऊपटीपर्यंत भार येतो व शुद्ध हरपण्याचा धोका असतो. पडद्यावर हा भार जाणवत नाही, आणि पाडलेल्या विमानातील माणसाची नोंद केवळ गुणांच्या रूपाने होते. म्हणून या खेळांवरून युद्धाची कल्पना करताना त्यांत काय गाळलेले आहे, याचे भान ठेवणे आवश्यक ठरते.